इन्व्हर्टरच्या लाइनीची कुळकथा

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा कुठल्याही बाजारपेठेतल्या थोड्या जुन्या दुकानात जावं आणि गल्ल्यामागचा स्विचबोर्ड पाहावा. बटणं पुष्कळ असतात, पण त्यांतली तीन-चार वेगळी असतात. कुणी त्यांच्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असतो, कुणी मार्करने खूण केलेली असते, कुणी त्यांचा छोटा बोर्डच बाजूला बसवलेला असतो. ‘ही इन्व्हर्टरची लाइन,’ मालक सांगतात. भारनियमन कमी होऊन बरीच वर्षं झाली तरी ती वायर भिंतीत तशीच आहे.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये दिव्यांचं नियंत्रण म्हणून जे काही बसवतात त्यात सेन्सर असतात, टायमर असतात, उजेड आपोआप मंद करणारी यंत्रणा असते. मुळात या सगळ्याचं काम एकच: दुकानातले दिवे एकगठ्ठा न मानता त्यांचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग लागेल तेव्हाच लावायचा. आमच्याकडे हे काम वायरमनने इन्व्हर्टर बसवताना करून ठेवलं आहे. वीज वाचवावी असा तेव्हा कुणाच्या मनात विचार नव्हता. वीज नव्हतीच, म्हणून ते झालं.

या लाइनीचं कूळ शोधायला मागे जावं लागतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तान्तात तगर या गावाहून भडोच बंदरात कापड जात असल्याची नोंद आहे. तगर म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं तेर. म्हणजे इथला कापडाचा धंदा दोन हजार वर्षांचा, आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं तो सूर्याच्या उजेडात झाला. जुनं फळ्यांचं दुकान या उजेडासाठीच बांधलेलं असे. तोंड रुंद, खोली कमी, माल ओट्यापर्यंत मांडलेला. फळ्या काढल्या की दुकान उजळलं, फळ्या लावल्या की धंदा संपला. संध्याकाळी कंदील लागे, आणि रॉकेल विकतचं असल्यामुळे वात गरजेपुरतीच वर केली जाई. मग गॅसबत्ती आली. पेट्रोमॅक्स हे तिचं जर्मन नाव, बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ या कारखान्याचं. तिच्या मेंटलचा उजेड झगझगीत, पण बत्ती एकच. ती दारात टांगायची की गादीवर, हे मालकाला रोज ठरवावं लागे. एकच दिवा असला की माणूस तो फार विचारपूर्वक ठेवतो.

विजेचा दिवा आपल्या राज्यात आला तो बाजारातच आला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे होते. १८८२ मध्ये नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला आणि क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचा उजेड पडला. मुंबईतला विजेचा पहिला उजेड भाजी, फळं, मासे विकणाऱ्यांच्या डोक्यावर पडावा हे मला फार आवडतं. पण पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं आणि मंडई पुन्हा गॅसवर गेली. १८९४ मध्ये नगरपालिकेने मंडईपुरतं तेलाचं इंजिन आणि डायनॅमो घ्यायला पैसे मंजूर केले. शहराला नियमित वीज मिळायला १९०५ उजाडलं. वीज जाणं आणि तिच्यासाठी स्वतःचं इंजिन आणणं, दोन्ही गोष्टी आपल्या बाजाराने विजेबरोबरच पाहिल्या.

त्या काळी दुकानं आणि चौक उजळायला कार्बनच्या कांड्यांमधून ठिणगी पेटती ठेवणारे कंसदिवे वापरत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकरने आपल्या प्रचंड दुकानात १८७८ मध्ये असे दिवे लावले आणि लोक नुसते उजेड पाहायला आले. हे दिवे बहुधा एकामागे एक, एकाच माळेत जोडलेले असत. लागले तर सगळे, नाहीतर एकही नाही. एडिसनने १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून जी वीज दिली, तिच्यात प्रत्येक दिवा समांतर जोडलेला होता, म्हणून प्रत्येकाला आपली कळ देता येत होती. पण ती कळ हळूहळू सरकवून बंद केली की आत ठिणगी लांबत जाई आणि धातू जळे. १८८४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या जॉन हेन्री होम्सने तीत स्प्रिंग घातली. बोट कितीही हळू दाबा, आतला जोड एका झटक्यात तुटतो. बटणाचा ‘टक्’ आवाज तिथून आला, आणि आजही बहुतेक बटणं त्याच तत्त्वावर चालतात. दिव्यांच्या नियंत्रणाचा पहिला आणि आजवरचा सगळ्यात स्वस्त भाग हाच आहे: एका दिव्याला एक बटण.

आपल्याकडे ही सोय गावोगाव पोचायला बराच काळ गेला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. (२००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण निघाली, पण बिल भरायला निघालेला माणूस अजून ‘एमएसईबीत चाललोय’ असंच म्हणतो.) दुकानांत आधी पिवळा बल्ब आणि मग ट्यूब. ट्यूब म्हणजे ४० वॅट असं सगळे धरून चालत, पण तिचा चोक आणखी दहा-बारा वॅट खाई. आणि ट्यूबने एक समजूतही दिली. ती दर वेळी पेटताना तिच्या टोकांवरचा लेप थोडा झिजतो, म्हणून सारखी चालू-बंद केली की लवकर जाते. हे खरं होतं. तेव्हापासून ‘ट्यूबला हात लावू नको, राहू दे चालू’ हा दुकानाचा नियम झाला. आज ट्यूबच्या जागी एलईडी आहे, तिला बटणाच्या उघडझापीने असा काही त्रास होत नाही, तरी नियम तसाच चालू आहे.

तरीही दिव्यांवर नजर ठेवणारं कुणीतरी दुकानात होतं. तो दुकानातला पोऱ्या. गिऱ्हाईक पायरी चढलं की गादीवरचा पंखा आणि शेल्फसमोरची ट्यूब लावायची, गिऱ्हाईक उठलं की बंद करायची. आज छताला बसवतात तो हालचाल ओळखणारा सेन्सर नेमकं हेच करतो. फरक इतकाच की सेन्सरला माणसाची ऊब तेवढी कळते. साडी घेणारं गिऱ्हाईक कोणतं आणि नुसता पत्ता विचारायला आलेलं कोणतं, हे पोऱ्याला पायरीवरच कळायचं.

मग लोडशेडिंग आलं. २००५ च्या आसपास राज्यात विजेचा तुटवडा इतका झाला की भारनियमन हेच वेळापत्रक झालं. कुठल्या भागात किती तास वीज जाणार, हे तिथल्या गळतीवर आणि वसुलीवर ठरे. गळती जास्त आणि वसुली कमी तो गट खाली, आणि त्याच्या वाट्याला अंधार जास्त. पेपरात तास छापून येत. त्याच काळात अक्षय प्रकाश योजना निघाली. गावाने संध्याकाळी मोटारी आणि जड उपकरणं चालवायची नाहीत, दिवे-पंखे-टीव्हीवर भागवायचं, आणि त्या बदल्यात संध्याकाळची वीज टिकवायची. अख्ख्या गावाने मिळून केलेलं विजेचं नियंत्रण होतं ते, आणि त्यात एकही यंत्र नव्हतं.

बाजारपेठेला भारनियमन परवडणारं नव्हतं, कारण दुकानाचा धंदा संध्याकाळचाच. पायरीजवळ रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर धडधडू लागले. आवाज आणि धूर यांना कंटाळून दुकानदार इन्व्हर्टरकडे वळले. आणि वायरमनने तो प्रश्न विचारला, जो दुकानदाराला आजवर कुणी विचारलाच नव्हता: ‘शेठ, यावर काय काय चालवायचंय?’

हिशोब साधा होता. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. रूपांतरात जातं ते जातं, आणि बॅटरी पार रिकामी करायची नसते, म्हणून हाती बाराशे-तेराशे उरतात. चार ट्यूब आणि दोन पंखे लावले की साडेतीनशे वॅट झाले, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. दुकानात ट्यूब सोळा. त्यांतल्या बारा वगळायच्या. आता मालक दुकानाच्या मधोमध उभे राहून छताकडे बघू लागले. गल्ल्यावरची ट्यूब पहिली, नोटा मोजायच्या तर ती हवीच. कापडवाल्याने गादीवरची निवडली, कारण ताग्याचा रंग तिथं पाहिला जातो. सलूनवाल्याने आरशावरची. औषधांच्या दुकानात इन्शुलिनच्या फ्रिजचा विचार दिव्यांच्याही आधी. सराफाने तिजोरीची बाजू सोडली नाही. तुळजापुरात मंदिराच्या वाटेवर हळद-कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा विकणाऱ्यांना दाराजवळचा दिवा महत्त्वाचा, कारण भक्ताची नजर चालता चालता पडते. कोजागिरीला सोलापूरहून पायी येणाऱ्यांची रात्रभर रीघ असते, तेव्हा तर फारच. प्रत्येकाने आपल्या धंद्यातला सगळ्यात गरजेचा उजेड कोणता ते स्वतः ठरवलं, आणि वायरमनने तेवढीच लाइन वेगळी ओढली. प्रकाशयोजनेचा सल्लागार शहरात जे पैसे घेऊन करून देतो ते हेच.

पुढे वीज सुधारली, २०१५ मध्ये केंद्राच्या ‘उजाला’ योजनेने एलईडी घरोघर नेले आणि दुकानांनीही ट्यूबा बदलल्या. इथं बचत व्हायला हवी होती. सोळा ट्यूब चोकसकट आठशे-सव्वाआठशे वॅट घेत, सोळा एलईडी वीस वॅटच्या धरल्या तर सव्वातीनशेच. पण एलईडी स्वस्त पडते म्हणून दुकानाने चाळीस लावल्या. चाळीस गुणिले वीस, पुन्हा आठशे. शिवाय काचेचं दार आलं, एसी आला, दुकान खोल झालं, समोरून येणारा उजेड जाहिरातीच्या फिल्मने बुजवला. आता धाराशिवच्या एप्रिलातल्या दुपारी, बाहेर डोळे दिपत असताना, आत सगळे दिवे चालू असतात. दिव्याचा प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकू शकतो, त्यातला सातवा हिस्सा या आठशे वॅट दिव्यांचीच ऊब काढण्यात जातो. आधी पैसे देऊन तापवायचं, मग पैसे देऊन गार करायचं, याला मी तरी शोभा म्हणणार नाही.

कायद्यानेही यात हात घातला आहे, पण वरच्या मजल्यावर. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या जागेतले दिवे आपोआप बंद होण्याची आणि मांडणीच्या दिव्यांना वेगळी कळ असण्याची अट आली. संहिता लागू होते ती किमान शंभर किलोवॅट जोडभाराच्या इमारतींना. आपली दुकानं त्याच्या आसपासही नसतात. फ्रान्सने १ जुलै २०१३ पासून दुकानांच्या काचेतले दिवे रात्री एकनंतर बंद ठेवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे उलट, २०१७ च्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली. त्यावर माझी तक्रार नाही, पण शटर पडल्यावरही पाटी रात्रभर जळते, ती कुणासाठी?

बाहेरच्या पाटीचा उपाय तर दीडशे वर्षं जुना आहे. समुद्राखालच्या तारेची चाचणी घेताना विलोबी स्मिथला १८७३ मध्ये दिसलं की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहते. अंधार पडताच रस्त्यावरचा दिवा लावणारा छोटा सेन्सर याच कुळातला, आणि तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याच्या जोडीला टायमर लावला की पाटी दिवेलागणीला लागते आणि दहाला विझते.

बिलाचं गणितही बदलतं आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार, शेती सोडून बाकी ग्राहकांना दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावायचा आहे: उन्हाच्या तासांत कमी, मागणीच्या तासांत जास्त, आणि व्यापारी ग्राहकांना हा जादा दर नेहमीच्या किमान १.२० पट. स्मार्ट मीटर बसला की तो कोणत्या तासाला किती वीज गेली हे टिपतो. मागणीचे तास संध्याकाळी येतात, आणि दुकानाची गर्दीही तेव्हाच असते.

तर दुकानदार मंडळींनो, दिवाळीआधी रंगकाम काढाल तेव्हा वायरमनला तीन वेगळ्या लाइनी ओढायला सांगा: दाराजवळची रांग एक, आतली एक, शोकेस आणि पाटीची एक. दाराजवळची दुपारी बंद राहील, शोकेसची गिऱ्हाईक आल्यावर लागेल, पाटी टायमरवर जाईल. ज्यांच्याकडे इन्व्हर्टरची लाइन आहे त्यांनी दुपारी बारा ते चार तेवढीच चालू ठेवून महिनाभर बिल पाहावं. वायर थोडी जास्त लागते आणि दोन-चार बटणं वाढतात. प्लास्टर झाल्यावर हेच करायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागते.