आजोबांची जीप

आजोबा सातारा जिल्ह्यातले. दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. लढाईविषयी ते फारसं बोलत नसत. जीपचा विषय निघाला की मात्र थांबत नसत. चिखलात ट्रक रुतून बसले तरी जीप पुढं जायची. जखमींना स्ट्रेचरवर आडवं घालून डोंगर उतरायची. टायर काढून लोखंडी चाकं बसवली की रुळांवरून डबेही ओढायची. आम्हा पोरांना ही थाप वाटे. पुढं पुस्तकांतून कळलं, तिथं हे खरोखर घडलं होतं.

ती गाडी घडवली कुणी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. १९४० साली अमेरिकन सैन्यानं चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी मागितली. नमुना आणून द्यायला मुदत ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलरची बँटम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी पुढं सरसावली. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला, मुदतीच्या आत, गाडी छावणीत उभी राहिली. सैन्यानं तेच आराखडे विलीज आणि फोर्डच्या हाती दिले. विलीजचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सरस ठरलं, मोठी कंत्राटं या दोघांना मिळाली. युद्धकाळात सहा लाखांवर जीपा निघाल्या. बँटम ट्रेलर बनवत राहिली. हा अन्याय मला आजही खुपतो. इंजिन विलीजचं असेल, पण जीपची आई बँटमच.

युद्ध संपताच विलीजनं शेतकऱ्यांसाठी जीप काढली: मागचं फळकं उघडणारी, इंजिनाच्या जोरावर अवजारं चालवणारी. १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या.

त्यानंतरची खरी कारागिरी आमच्याकडच्या गॅरेजांतली. मामांनी जुनी जीप घेतली, पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं, मागं समोरासमोर बाकं टाकली, टपावर कॅरिअर ठोकलं आणि वडाप सुरू केलं. बाजारची माणसं, दुधाचे कॅन, कोंबड्या, अडलेली बाळंतीण, सगळं त्याच गाडीतून. एसटी जिथं पोचत नव्हती, तिथं मामा पोचत.

या मिस्त्री-ड्रायव्हरांची नोंद कुठल्याच कंपनीच्या इतिहासात नाही. तुमच्या घरी असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि तो सांगतो ते वहीत उतरवून घ्या.