मुंग्यांनी न सोडलेली वाट

पावसाळी हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या स्वयंपाकघरांत मुंग्या येतात, हे इथल्या मराठी मंडळींना वेगळं सांगायला नको. आई फोनवरून हळदीची रेघ ओढायला सांगते. मी ओल्या फडक्याने रांग पुसते. थोडा वेळ त्यांची धांदल उडते, मग रांग पुन्हा लागते. अठराव्या शतकात जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी मुंग्यांच्या वाटेवरून नुसतं बोट फिरवून हीच धांदल पाहिली होती. मुंग्यांची वाट वासाची असते.

या मुंग्याही स्थलांतरितच. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली ही अर्जेंटाइन मुंगी १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आढळली आणि पुढे जगभर पसरली. तिच्यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र ब्रुसेल्सचा. झाँ-लुई दनबूर्ग हे तिथल्या इल्या प्रिगोजिन यांच्या वर्तुळात घडलेले. प्रिगोजिन यांना १९७७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते साध्या घटकांतून आपोआप उभ्या राहणाऱ्या रचनांच्या अभ्यासासाठी. तोच प्रश्न दनबूर्ग यांनी मुंग्यांना विचारला.

१९८९ मध्ये त्यांनी सायमन गॉस आणि इतर सहकाऱ्यांसह वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये दुहेरी पूल ठेवला: एक फाटा आखूड, दुसरा त्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवर सारख्याच गेल्या. पण आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, त्यामुळे तिथला वास आधी दाट झाला आणि मागून येणाऱ्या तिकडे वळल्या. काही मिनिटांत बहुतेक रांग आखूड वाटेवर. कुणी मोजलं नाही, कुणी हुकूम दिला नाही.

व्याख्यानांमध्ये गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. मीही विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा एवढीच सांगितली आहे. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग आहे. आधी फक्त लांब फाटा खुला ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. मुंग्या लांब वाटेवरच चालत राहिल्या. तिथे इतका वास साचला होता की नव्या, कोऱ्या वाटेकडे चुकून वळलेल्या मुठभर मुंग्यांचा त्यापुढे निभाव लागेना. दोन्ही फाटे सारख्या लांबीचे ठेवले, तरी वारूळ शेवटी एकच धरतं. कोणता, ते सुरुवातीच्या चार मुंग्या योगायोगाने कुठे वळल्या त्यावर ठरतं. म्हणजे वारुळाचा निर्णय हा बराचसा त्याचा इतिहास असतो. याला शहाणपण म्हणताना माझी जीभ अडखळते.

मिलानमध्ये मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या प्रबंधात हीच युक्ती संगणकावर आणली, तेव्हा त्यांनी कृत्रिम वास भराभर उडून जाईल अशी सोय केली. खऱ्या मुंग्यांचा वास त्या मानाने फार सावकाश उडतो. संगणकातल्या मुंग्यांना विसरणं मुद्दाम शिकवावं लागलं.

सगळ्याच मुंग्या अशा अडकत नाहीत. ब्रुसेल्सच्याच गटाने १९९० मध्ये युरोपातल्या दोन जातींपुढे आधी कमी गोड पाक ठेवला, नंतर जास्त गोड. बागेतली काळी मुंगी पहिल्याच पाकाला चिकटून राहिली. फरसबंदीखाली घर करणारी मुंगी मात्र नव्याकडे वळली. तिच्यात खाणं सापडलेली मुंगी नुसता वास सोडून थांबत नाही. वारुळात परत येते आणि चारचौघींना स्वतः बरोबर घेऊन जाते.