कलकत्ता, कामशेत, सीतामऊ

कुलवृत्तांताची प्रस्तावना कशी असते, हे मराठी घरात वाढलेल्यांना सांगायला नको. आधी मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत. मग समितीचे अध्यक्ष, देणगीदार, छापखाना. आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात कुणा एकाचे ‘मोलाचे मार्गदर्शन लाभले’ असे एक वाक्य. परदेशात वाढलेल्या नातवंडांना वाचता यावीत म्हणून अशा पुस्तकांचे इंग्रजी करून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत असते. त्या वाक्यापाशी माझा हात हमखास थबकतो. मार्गदर्शन म्हणजे त्या माणसाने नेमके काय केले? पुस्तक बारकाईने वाचले की अंदाज येतो. बहुतेक वेळा त्याने चार पूर्वज खोडलेले असतात.

खोडावे लागतात, कारण आपल्याकडच्या जुन्या वंशावळी हौसेखातर लिहिल्या गेलेल्या नाहीत. वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकार करीना लिहून देई. त्यात घराण्याची हकीगत पहिल्या पुरुषापासून सांगितलेली असे आणि ती अर्थातच आपला हक्क सिद्ध करण्याच्या बेताने सांगितलेली असे. पुढे इंग्रजी अमलात, १८५२च्या कायद्यानंतर, इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले तेव्हा तर घरोघरी वंशावळी तयार झाल्या. मावजी आणि पारसनीस यांनी १९०८ साली छापलेला ‘कैफियती, यादी वगैरे’ हा संग्रह चाळला, तर दिसते की प्रत्येक घराणे आपली कहाणी कुणाला तरी ऐकवण्यासाठी सांगते आहे. ऐकणाऱ्याच्या हातात जमीन आहे. अशा कागदात आजोबा एक पिढी मागे सरकतात, धाकटी पाती थोरली होते, आणि एखादा शूर पुरुष शेजारच्या घराण्यातून उसना येतो. राजस्थानात भाटांच्या बह्यांची गत फार निराळी नव्हती. सतराव्या शतकात जोधपूरचा दिवाण मुहणोत नैणसी आपल्या ख्यातीत अमुक हकीगत अमुक माणसाने सांगितली अशी नोंद करून ठेवतो, ती म्हणूनच अपूर्वाईची वाटते.

एखाद्याच्या पूर्वजाबद्दल शंका घेणे हे नाजूक काम आहे. शंका घेऊनही त्या माणसाला लिहिते ठेवणे त्याहून अवघड. हे काम आयुष्यभर केलेल्या तिघांविषयी मला लिहायचे आहे. एक बंगाली, एक मराठी, एक माळव्यातला हिंदी लेखक.

जदुनाथ सरकार मुळात इंग्रजी साहित्याचे एम. ए. तुलनात्मक साहित्य शिकलेल्या माझ्यासारखीला याचे थोडे कौतुक वाटले तर वाचकांनी समजून घ्यावे. औरंगजेबाच्या इतिहासासाठी फार्सी साधने जमवताना त्यांना मराठी कागदांची गरज भासू लागली. गोविंद सखाराम सरदेसाई तेव्हा बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते आणि ‘रियासती’चे खंड लिहीत होते, त्यांना फार्सीची उणीव जाणवत होती. १९०४ साली ओळख झाली आणि १९५८मध्ये सरकार वारले तेव्हाच ती संपली. दोघांचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. बंगाली माणूस मराठी माणसाला फार्सी आणि मोडी कागदांबद्दल इंग्रजीत लिहितो आहे, हे दृश्य या नियतकालिकाच्या वाचकांना ओळखीचे वाटेल. हरिराम गुप्तांनी संपादित केलेल्या सरकारांच्या चरित्र-पत्रसंग्रहात ही पत्रे वाचायला मिळतात. सुंदर गद्याच्या शोधात कुणी तिकडे जाऊ नये. पत्रे कामाची आहेत आणि त्यांची गोडी त्या कामातच आहे.

हे काम किती चिवट असते, ते एका उदाहरणाने सांगते. मराठी घराण्यांत नातवाला आजोबाचे नाव देतात. त्यामुळे एकाच दफ्तरात दोन बाजीराव, दोन माधवराव सापडतात. ‘बाजीराव बल्लाळ’ यातले बल्लाळ हे आडनाव नव्हे; बाळाजीचा मुलगा एवढाच त्याचा अर्थ. हे ठाऊक असले की ‘माधवराव बल्लाळ’ म्हणजे नानासाहेबांचा मुलगा आणि ‘माधवराव नारायण’ म्हणजे सवाई माधवराव, हे चटकन लागते. ठाऊक नसेल तर काका आणि पुतण्या एकमेकांत मिसळतात. भरीला दत्तकविधान. महादजी शिंद्यांनंतर आलेला दौलतराव हा रक्ताच्या नात्याने महादजींच्या भावाचा, तुकोजीचा, नातू. वंशावळीत मात्र तो महादजींच्या खाली येतो. रेघ कुठे ओढायची आणि ती अखंड ओढायची की तुटक, याचा निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो. शिवाय कालगणना हिजरी, शक, सुहूर, इसवी अशी चार तऱ्हांची. यातला एकही दुवा निसटला, तर मुलगा बापाच्या आधी जन्मतो. अशा वेळी नवख्या लेखकाला ‘पुन्हा पाहा’ म्हणणारा कुणीतरी लागतो, आणि त्याने हे न चिडता म्हणायला हवे.

सरकार न चिडता म्हणत असत, असे मी लिहिणार नाही. त्यांचा स्वभाव कडक होता, आणि पुण्याच्या संशोधकांशी त्यांचे सूर कधी नीट जुळले नाहीत. यात सगळी चूक पुण्याची होती, असेही मला वाटत नाही. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून घराण्यांच्या माळ्यांवरून जे कागद उतरवले, ते नसते तर महाराष्ट्राचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हातात फार थोडे उरले असते. पण पेशवे दफ्तर उघडायची वेळ आली तेव्हा सरकारांच्या आग्रहाने ते काम सरदेसायांकडे आले. सुमारे ३५ हजार रुमालांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून झाले. सरदेसाई तेव्हा साठी ओलांडून पुढे गेलेले होते. ‘सरकारांचा माणूस’ म्हणून त्यांना बोल खावे लागले. मैत्रीत मात्र त्याने खंड पडला नाही. सरकार कामशेतला सरदेसायांच्या घरी येऊन राहत आणि दोघे मिळून कागद वाचत.

वंशाचा प्रश्न त्या काळी किती पेटता होता, याची एकच आठवण पुरे. १९३०च्या दशकात मुधोळच्या घोरपडे घराण्याकडची फार्सी फर्माने प्रसिद्ध झाली. भोसले-घोरपड्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेणारी ती फर्माने अस्सल की बनावट, यावर इतिहासकारांत मोठा वाद झाला. वाद कागदाचा होता, दुखावत होती माणसे.

तिसरे नाव सीतामऊचे महाराजकुमार रघुबीर सिंह यांचे. मंदसौरजवळच्या या लहानशा राठोड संस्थानाचा हा राजपुत्र मराठी वाचकांना फारसा माहीत नाही. हिंदीत मात्र ‘शेष स्मृतियाँ’ या ललित निबंधांच्या पुस्तकामुळे त्यांना साहित्यिक म्हणून मान आहे. त्याची प्रस्तावना रामचंद्र शुक्लांची आहे. मोगल इमारतींच्या पडझडीकडे पाहून हळहळणारे ते गद्य वाचले, तर हाच माणूस सरकारांच्या हाताखाली टिकला कसा, असा प्रश्न पडतो. टिकला खरा. सरकारांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अठराव्या शतकातल्या माळव्यावर प्रबंध लिहिला, तो १९३६ साली ‘माळवा इन ट्रान्झिशन’ या नावाने छापून आला. परदेशी ग्रंथालयांतल्या फार्सी हस्तलिखितांच्या छायाप्रती मागवून त्यांनी सीतामऊला मोठा संग्रह उभा केला. त्यामागेही सरकारांचीच शिकवण होती: आधी साधने घरी आणा, मग लिहायला बसा. पुढे पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालिका सरकार आणि सरदेसाई यांनी हाती घेतली, तेव्हा काही खंडांचे संपादन त्यांनी या शिष्याकडे सोपवले.

या शिकवणीचे फळ मला सर्वांत स्पष्ट दिसते ते रघुबीर सिंहांच्या ‘रतलाम का प्रथम राज्य’ या पुस्तकात. रतलामचा संस्थापक रतनसिंह राठोड हा त्यांचा थेट पूर्वज. शाहजहानसमोर पिसाळलेल्या हत्तीला त्याने कट्यारीने आवरले आणि त्याचे बक्षीस म्हणून राज्य मिळाले, ही गोष्ट त्या भागात घरोघरी सांगतात. १६५८च्या एप्रिलमध्ये धर्मातच्या लढाईत जसवंतसिंह मागे फिरला. रतनसिंह लढत राहिला आणि पडला. त्याच्यावर खिडिया जग्गाने रचलेली ‘वचनिका’ डिंगल साहित्यात नावाजलेली आहे. इटालियन पंडित तेस्सितोरी यांनी ती १९१७ साली संपादित केली. असा पूर्वज लाभलेल्या वंशजाला आणखी काय हवे? हत्ती आहे, लढाई आहे, वर काव्यही आहे.

रघुबीर सिंहांनी आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘स्थापना’ या शब्दाला जोडून ‘अंत’ हा शब्द घातला. अंत झाला तो असा: रतनसिंहाचा नातू केशवदास याच्या माणसांच्या हातून जिझिया वसूल करणारा बादशाही अधिकारी मारला गेला आणि औरंगजेबाने रतलाम काढून घेतले. काही वर्षांनी, १७०१मध्ये, केशवदासाला दुसरीकडे जहागीर मिळाली, तिचे सीतामऊ झाले. लेखक ज्या घरात बसून लिहीत होता, ते घर गमावलेल्या राज्याच्या भरपाईदाखल मिळाले होते, आणि हे त्याने झाकले नाही. आमच्या कुलवृत्तांतांत ‘नंतर हे घराणे स्थलांतरित झाले’ असे मोघम वाक्य आले की मला या उपशीर्षकाची आठवण होते. स्थलांतरित का झाले? दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी की एखादा खून?

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सरकारांचा भरवसा दरबारी कागदावर, विशेषतः फार्सी कागदावर. चारण-भाटांच्या रचनांना त्यांच्या लेखी पुरावा म्हणून फारशी किंमत नव्हती. शिष्य मात्र या बाबतीत गुरूच्या थोडा पुढे गेला: काशीराम शर्मांच्या जोडीने त्याने ‘वचनिके’ची नवी आवृत्ती संपादित केली. काव्यात लढाईच्या तारखा सापडोत न सापडोत, ती लढाई लोकांनी कशी लक्षात ठेवली ते तर सापडते. दुसरी उणीव तिघांच्याही काळाची. वंशावळीत बायका जवळजवळ नाहीतच. ‘अमुक यांची पत्नी’, ‘मुलगी १’ अशा नोंदींचे इंग्रजी करताना मला रिकाम्या जागेचे भाषांतर केल्यासारखे वाटते. आजचे काही कुलवृत्तांत-संपादक माहेरची नावे आणि लेकींच्या शाखा चिकाटीने मिळवतात. समितीतली वडीलधारी मंडळी त्यांच्यावर वैतागतात, तरीही.

सरदेसायांनी ‘ऐतिहासिक वंशावळी’ हे पुस्तक संपादित केले ते १९५७ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. मराठ्यांच्या इतिहासातल्या घराण्यांचे तक्ते एका जागी मिळावेत म्हणून केलेले हे कोरडे, उपयोगी पुस्तक आहे. ते वाचायला कुणी घेत नाही, पाहायला सगळे घेतात. सरदेसायांचे दोन्ही मुलगे त्यांच्या आधी गेले होते. त्यांतल्या श्यामकांतची पत्रे त्यांनी स्वतःच छापली. सरकारांचा थोरला मुलगा १९४७मध्ये कलकत्त्याच्या दंगलीत मारला गेला. दोघांनी ही दुःखे कामाच्या पानांवर येऊ दिली नाहीत. तरी त्या तक्त्यांतल्या ‘निपुत्रिक’ अशा नोंदींवरून नजर फिरते तेव्हा संपादकाचे वय आणि घर माझ्या डोळ्यांसमोर येतेच.

आणि जयपूरचा इतिहास. जयपूर संस्थानाच्या सांगण्यावरून सरकारांनी कछवाह्यांच्या घराण्याचा इतिहास लिहून दिला. काम पुरे झाले, पण पुस्तक निघाले नाही. संस्थाने विलीन झाली, सरकार वारले, पुढच्या वर्षी सरदेसाई वारले. रघुबीर सिंह १९५२ ते १९६२ राज्यसभेत होते. नंतर सीतामऊला परतून त्यांनी आपल्या संग्रहाची संशोधन-संस्था केली. जयपूरचे हस्तलिखित अखेर त्यांच्याकडे आले. राठोडांच्या वंशजाने कछवाह्यांच्या इतिहासावरचे आपल्या गुरूचे लेखन तपासले, जिथे दुरुस्ती हवी तिथे केली, आणि १९८४ साली ‘अ हिस्टरी ऑफ जयपूर’ छापून निघाले. तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढे होते. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव सरकारांचे. खाली, बारीक टायपात, संशोधन-संपादन रघुबीर सिंह.