पुण्यातले क्लब आणि त्यातली पोरं

परवा सिडकोतले एक ओळखीचे भेटले. मुलगा 14 वर्षांचा, फुटबॉलचं वेड. म्हणाले, "साहेब, पोराला पुण्याला अकादमीत टाकू का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. बारा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर डोळे झाकून हो म्हणालो असतो. का, ते सांगतो. जरा मागे जावं लागेल.

महिंद्रा युनायटेड आठवतो का? मुंबईतल्या कंपनीचा संघ, 1962 पासूनचा. 2005-06 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकला, तेव्हा कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू. पुढे 2009 मध्ये ते पुणे एफसीला आले आणि 2010 मध्ये इकडे महिंद्राने संघच बंद केला. मुंबईला लीग जिंकून देणारा क्लब, चार वर्षांत इतिहासजमा!

पुणे एफसी 2007 चा, अशोक पिरामल समूहाचा. दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तिसरा. 2012-13 मध्ये उपविजेता. परेरांचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता, खरं सांगायचं तर कधीकधी कंटाळवाणा वाटायचा. पण मागची फळी जागा सोडत नसे. आधी गोल खायचा नाही, मग पुढचं बघू. माझ्या मते नवख्या पोरांसाठी अशी शिस्तच बरी. कुठे उभं राहायचं हे पक्कं ठाऊक असलं की अठरा वर्षांचा मुलगाही मोठ्यांत घाबरत नाही.

या क्लबने 2011 मध्ये निवासी अकादमी काढली. तिथल्या मुलांनी वयोगटातली आय-लीग जिंकून दाखवली. 2014 मध्ये केरळच्या मलप्पुरमहून एक किडकिडीत पोरगा आला, आशिक कुरुनियन. डाव्या बाजूने वाऱ्यासारखा पळायचा.

आणि 2015 मध्ये पुणे एफसी बंद! त्याच वर्षी पुण्यातलाच भारत एफसीही एका मोसमात आटोपला. 2017 मध्ये डीएसके शिवाजियन्स गेला.

आशिक वाचला, कारण अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. त्यांनी त्याला 2016 मध्ये स्पेनला व्हियारिआलकडे पाठवलं, परत आल्यावर 2017-18 च्या मोसमात आयएसएलमध्ये उतरवलं. 6 जानेवारी 2019 ला आशियाई चषकात भारताने थायलंडला 4-1 ने हरवलं, तेव्हा सुनील छेत्रीच्या जोडीला पहिल्या अकरांत हाच पोरगा होता. त्याच वर्षी पुणे सिटीही गुंडाळला, परवाना हैदराबादला गेला. अकादमीत अजून वर न आलेल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, याची बातमी कोणी केली? मीही केली नाही.

मुंबई सिटीचं उदाहरण लोक देतात. सर्जिओ लोबेराच्या हाताखाली 2020-21 मध्ये चेंडू पायात ठेवून खेळले, लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही घेतले. देखणा खेळ, वादच नाही. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोल मारला तो बिपिन सिंगने, मणिपूरच्या. आपल्याकडची पोरं त्या संघात शोधावी लागायची.

उलट कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. पेठांतल्या तालमी, पैसा बेताचा, भांडणं भरपूर. पण शाहू स्टेडियमवर गर्दी तीच. मालकाचं मन बदललं म्हणून तालीम बंद पडत नाही. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. पुढे तो घडला तो पुण्यातल्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत. सरकारी म्हणून आपण नाकं मुरडतो, पण क्लब गेले आणि प्रबोधिनी उरली.

आपल्या नाशकात यातलं काहीच नाही. ना पेठेची तालीम, ना कंपनीचा क्लब. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटवाल्यांतून जागा मिळाली तर मिळाली.

तर त्या गृहस्थांना मी म्हणालो, जाऊन या, पण दोनच गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत अकादमीतली किती पोरं मोठ्या संघात खेळवली? आणि उद्या क्लब बंद झाला तर मुलाच्या शाळेचं आणि राहण्याचं काय? शनिवारी जाणार आहेत. काय उत्तर मिळालं ते इथे लिहीन.