सांध्यातील बळ : दगड, वीट व चुन्याच्या बांधकामाचा मागोवा

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. निवाऱ्याचा इतिहास म्हटला की आपल्या नजरेसमोर किल्ले व राजवाडे उभे राहतात. परंतु सामान्य गृहस्थाच्या घराचे जोते, अंगणातील ओटा, परसातील विहीर आणि भोवतालचे कुसू यांनाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या बांधकामाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

घर कशाचे बांधावे, हे प्रथम भूमीनेच ठरविले. देशावरील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. तो कठीण व फारसे पाणी न शोषणारा असल्याने जोते, पायऱ्या आणि विहिरीच्या बांधणीस उत्तम ठरला. कोकण व गोव्यात जांभा विपुल. खाणीतून काढताना तो मऊ असतो, त्याचे चिरे सहज पाडता येतात आणि हवा लागल्यावर तो टणक होतो. नदीकाठच्या मातीने विटा दिल्या. दगड फोडणारे वडार, तो घडविणारे पाथरवट, विटा भाजणारे कुंभार आणि ओळंबा, गुण्या व दोरीच्या साहाय्याने भिंत उभी करणारे गवंडी, अशा अनेक हातांचे श्रम एका घरात एकवटत. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ न देणे, हा गवंड्याचा पहिला धडा होय.

पेशवाईत वाड्यांची बांधणी बहरली. खाली घडीव दगडाचे जोते, वर भाजक्या विटांच्या भिंती, आत लाकडी खांब व तुळया, मध्ये मोकळा चौक, अशी ही रचना. पुण्यातील शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. १८२८ च्या भीषण आगीत आतील लाकडी मजले भस्मसात झाले; परंतु खाली दगड व वर विटा असलेला तट आजही उभा आहे.

या बांधणीचा प्राण चुना होता. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात विरवून, त्यात वाळू किंवा विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून, बैलांच्या घाणीत मळला जाई. अनेक ठिकाणी त्यात गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणीही मिसळत. असा चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो. तो भिंतीतील ओल बाहेर पडू देतो आणि इमारत किंचित हलली तरी ती हालचाल सोसतो. दगड व विटेपेक्षा तो मऊ असल्याने झीज प्रथम सांध्याला होते, आणि सांध्याच्या दर्जा पुन्हा भरणे सोपे असते.

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट लवकर घट्ट होते, बळकट असते. नव्या बांधकामास त्याने मोठा हातभार लावला. मात्र जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आतच कोंडते, विटांना लोणा लागतो, त्यांचे पापुद्रे सुटतात. वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून पोखरली जाते.

बांधणीतील उणिवेची सर्वांत दारुण किंमत मराठवाड्याने मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील अनेक घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या, आतील व बाहेरील अशा दोन पाकळ्यांच्या होत्या. वर मातीच्या धाब्याचा मोठा भार होता. दोन्ही पाकळ्या एकमेकींना बांधलेल्या नसल्याने त्या धक्क्यासरशी फुगून कोसळल्या. भारतीय मानकांत अशा दगडी भिंतीसाठी साधा उपाय सांगितला आहे : उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा.

या साऱ्यातून एकच गोष्ट स्पष्ट होते. दगड कितीही कठीण असो, भिंतीचे बळ अखेर तिच्या सांध्यावर अवलंबून असते. आज आपल्यापैकी अनेकांचे वडिलोपार्जित वाडे दुरुस्तीच्या उंबरठ्यावर आहेत. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी मूळ भिंत चुन्यात आहे की मातीत, ते पाहावे. चुन्याच्या सांध्यात चुनाच भरावा. जोत्यापासून पावसाचे पाणी दूर वळवावे. दगडी भिंतीला आरपार दगड आहेत की नाहीत, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. चुन्याचे काम जाणणारे वृद्ध गवंडी अजून कोठे कोठे आहेत. त्यांच्या हाताखाली चार तरुण तयार झाले, तर हे ज्ञान पुढील पिढीपर्यंत पोहोचेल. पूर्वजांनी उभारलेले घर नुसते उभे ठेवणे पुरेसे नाही. त्यात निर्धास्तपणे राहता आले पाहिजे, आणि ती जबाबदारी आता आपली आहे.