कारखाना, दुकान आणि ब्यूटी पार्लर

दिल्लीतील आमच्या वसाहतीच्या बाजारात एक ब्यूटी पार्लर आहे. जागा जेमतेम दहा बाय बारा फूट, काम करणाऱ्या तिघी, आणि एसीमुळे खिडकी कायम बंद. तेथील उग्र वास कोणत्या कायद्याच्या कक्षेत येतो, या प्रश्नाने मला १९४८ पर्यंत मागे नेले.

त्या वर्षी केंद्राचा कारखाने अधिनियम झाला आणि मुंबई प्रांताचा दुकाने व संस्था अधिनियमही. रसायन कारखान्यात असते आणि दुकानात केवळ माल व गिऱ्हाईक, असे जणू गृहीतच होते. कारखाने अधिनियमाच्या कलम ८७ ने धोकादायक प्रक्रियांत स्त्रियांना कामावर ठेवण्यास बंदी करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यामागचा विचार जुना होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्येच, मातृत्वाला धोका म्हणून, शिशाच्या काही प्रक्रियांतून स्त्रियांना वगळण्याची शिफारस केली होती. १९७१ च्या बेंझीनविषयक कराराने गरोदर व स्तनदा स्त्रियांपुरता तोच मार्ग धरला. भारताने तो १९९१ मध्ये स्वीकारला. दुकानांच्या कायद्याने मात्र कामाचे तास, सुट्ट्या, स्वच्छता, हवा-उजेड एवढेच पाहिले.

दरम्यान रसायनच दुकानात आले. नेलपॉलिशमधील टोल्युइन, केस सरळ करणारी काही द्रावणे तापवताना सुटणारे फॉर्मॅल्डिहाइड, हेअर डायमधील पॅराफेनिलीनडायामाइन. डायच्या वेष्टनावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना कायद्याने सक्तीची केली, पण ती गिऱ्हाइकासाठी. दिवसभर तोच डाय कालवणारी मुलगी त्या सूचनेत कोठेच नाही.

केशकर्तन व्यवसायातील स्त्रियांमध्ये गर्भपात व कमी वजनाची बालके यांविषयी अनेक देशांत संशोधन झाले आहे. निष्कर्ष एकसारखे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मोठ्या प्रमाणातील टोल्युइन गर्भास घातक ठरते, याविषयी वाद नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होते. धोकादायक काम अधिसूचित केल्यास एकच कामगार असला तरी ती लावता येते, ही तिच्यातील मोलाची तरतूद. ती पार्लरसाठी वापरताना मात्र १९१९ चा उपाय उचलू नये. जेथे बहुतेक कामगार स्त्रियाच, तेथे स्त्रीला वगळणे म्हणजे तिची रोजी काढून घेणे. भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा बसवणे त्याहून स्वस्त आहे.