क्रॉमवेलला लाभलेली तारीख

ब्रिटनमध्ये १७५२ साली ३ सप्टेंबर उजाडलाच नाही. बुधवारी २ सप्टेंबरला झोपलेली माणसं गुरुवारी उठली, तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर. पोप तेराव्या ग्रेगरीची सुधारलेली कालगणना कॅथलिक देशांनी १५८२ पासून घेतली होती. पोपकडून आलेलं काही घ्यायचं नाही, म्हणून इंग्लंडने जुनं ज्युलियन कॅलेंडर पुढे १७० वर्षं रेटलं. शेवटी पार्लमेंटने कायदा केला आणि मधले अकरा दिवस गाळून टाकले. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत लोकांनी दंगली केल्या, असं अजून सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. विल्यम होगार्थच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात तशी घोषणा लिहिलेला फलक पायाखाली पडलेला दिसतो. चित्रातली थट्टा पुढे इतिहास म्हणून खपली असावी.

महाराष्ट्राला ही भानगड नवी नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्याच ज्युलियन गणनेतली आहे; आजच्या कॅलेंडरने ती १ मार्च होते. फाल्गुन वद्य तृतीया धरणाऱ्यांचा वाद आणखी वेगळा.

गाळलेल्या दिवसांत ३ सप्टेंबर जावा, हेही नवलच. त्याच्या शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये या तारखेइतकी वजनदार तारीख दुसरी नव्हती, आणि तिला ते वजन पार्लमेंटचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याच्यामुळे आलं होतं.

राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद १६४९ च्या जानेवारीत झाला. स्कॉटलंडने त्याच्या मुलाला राजा म्हणून पुकारलं, तेव्हा क्रॉमवेल फौज घेऊन उत्तरेला निघाला. मोहीम फसली. १६५० च्या सप्टेंबरात त्याचे जेमतेम अकरा हजार लोक, उपाशी आणि आजारी, डनबार या किनाऱ्यावरच्या गावात अडकले होते. पाठीशी समुद्र, समोर डून हिलच्या माथ्यावर डेव्हिड लेस्लीची बरीच मोठी स्कॉटिश फौज, आणि इंग्लंडकडे परतायची वाट बंद. लेस्लीने नुसतं बसून राहायचं होतं. पण २ तारखेला त्याने फौज उतरणीवरून खाली आणली. धर्मगुरूंनी घाई केली म्हणून, की उघड्या माथ्यावर पावसावाऱ्यात सैन्य टिकेना म्हणून, यावर वाद आहे. त्याच धर्मगुरूंनी थोडे दिवस आधी 'पुरेसे धार्मिक नाहीत' म्हणून अनुभवी सैनिक आणि अधिकारी हजारोंनी घरी धाडले होते, एवढं मात्र नक्की.

खाली आलेल्या फौजेची डावी बाजू टेकडी आणि ओढा यांच्यामध्ये दाटीवाटीने उभी आहे, हे क्रॉमवेलने आणि त्याचा सेनानी जॉन लॅम्बर्टने हेरलं. रात्रभर पाऊस पडत होता. ३ सप्टेंबरच्या पहाटे, उजाडायच्या आधीच, हल्ला झाला आणि काही तासांत सगळं आटोपलं. तीन हजार ठार, दहा हजार कैदी, असा आकडा क्रॉमवेलने लंडनला कळवला.

या विजयाची दुसरी बाजू डरहॅमला आहे. चालू न शकणाऱ्या कैद्यांना सोडून दिलं आणि बाकीच्यांना दक्षिणेकडे हाकत नेलं. वाटेत कित्येक मेले. उरलेल्यांना डरहॅमच्या कॅथिड्रलमध्ये कोंडलं, तिथे उपासमारीने आणि हगवणीने आणखी शेकडो गेले. २०१३ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बांधकाम चालू असताना सामूहिक दफनाच्या जागा सापडल्या. दोन वर्षांनी ते सांगाडे याच कैद्यांचे असल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. वाचलेल्यांपैकी दीडशेच्या आसपास लोकांना 'युनिटी' नावाच्या जहाजातून अमेरिकेला धाडलं. काही जण मॅसॅच्युसेट्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात राबले, बांधील मजुरीची मुदत संपल्यावर तिकडेच राहिले.

बरोबर वर्षाने, ३ सप्टेंबर १६५१ ला, वुस्टर इथे क्रॉमवेलने तरुण दुसऱ्या चार्ल्सची फौज मोडली. या खेपेला संख्याबळ त्याच्याकडे होतं. तो काही दिवस आधीच तिथे पोहोचला होता, पण सेव्हर्न आणि टीम या नद्यांवर नावांचे पूल बांधायला वेळ गेला. तरी ही तारीख साधावी म्हणूनच तो थांबला, असं मानणारे इतिहासकार आहेत. तारीख आधी लाभली की आधी निवडली, हा प्रश्न इथून सुरू होतो. पुढे क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर', म्हणजे राज्याचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या राज्यघटनेत पहिल्या पार्लमेंटचा दिवस लिहिला गेला ३ सप्टेंबर १६५४. तो रविवार निघाला. रविवारी कामकाज म्हणजे प्युरिटनांना पाप. तरी सभासद जमले, आणि खरं उद्घाटन सोमवारी उरकलं.

क्रॉमवेल वारला तोही ३ सप्टेंबरलाच, १६५८ साली. दोन-चार दिवस आधी भयंकर वादळ झालं होतं. सैतान त्याचा जीव न्यायला आला, असं शत्रू म्हणाले. जवळजवळ अडीच वर्षांनी, राजेशाही परतल्यावर, राजपक्षाने त्याचं प्रेत उकरून टायबर्नच्या वधस्तंभावर टांगलं.

माणूस गेला, तारखेचा दरारा उरला. १६६६ च्या एप्रिलमध्ये जॉन रॅथबोन आणि त्याच्या जुन्या सैनिक साथीदारांवर, राजाला मारून लंडनला आग लावण्याच्या कटाचा खटला चालला. कटाचा दिवस होता ३ सप्टेंबर. 'लंडन गॅझेट'ने छापलं, की विल्यम लिली या ज्योतिष्याच्या पंचांगात हा मुहूर्त शुभ ठरला होता. आठ जणांना फाशी झाली. आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. ती पसरत जाऊन ३ तारखेला रॉयल एक्स्चेंज भस्मसात झालं. रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स पहाटे चारला झोपायच्या कपड्यांतच गाडीवर बसून पैसाअडका हलवत होता. आग अपघातानेच लागली होती, पण रॅथबोनची आठवण ताजी असलेल्या लंडनकरांना ते पटणं अवघडच होतं. लिलीलाही चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं.

पुढच्या शतकांत ही तारीख अधूनमधून डोकं वर काढते. १७८३ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला मान्यता देणारा तह याच दिवशी पॅरिसला झाला. वर्ड्सवर्थने वेस्टमिन्स्टर पुलावरच्या आपल्या सुनीतावर ३ सप्टेंबर १८०२ अशी तारीख घातली; बहिणीच्या डायरीप्रमाणे ती पहाट जुलैअखेरची होती.

मग १९३९. रविवारी सकाळी ११ ला जर्मनीला दिलेली मुदत संपली आणि सव्वाअकराला नेव्हिल चेंबरलेनने रेडिओवरून युद्ध जाहीर केलं. व्हाइसरॉय लिनलिथगोनेही कोणत्याच लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं सांगून टाकलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबईत बाळ गंगाधर खेरांनी राजीनामा दिला. ३ सप्टेंबरच्याच संध्याकाळी आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीने 'अथीनिया' या प्रवासी जहाजावर टॉर्पेडो डागला, त्यात ते बुडालं. ब्रिटन २००० सालापासून ३ सप्टेंबर व्यापारी नौदल दिन म्हणून पाळतो, तो त्या जहाजामुळे. त्या नौदलाच्या बोटींवर मुंबई बंदरात भरती झालेले रत्नागिरीकडचे खलाशीही होते, गोऱ्या खलाशांच्या पगाराच्या लहानशा हिश्श्यावर.